दोघे, नाहीतर कोणीच नाही

रविवारी सकाळी साडेदहाला शेडचे दार उघडले आणि हार्मने मला ओढून बाहेर काढले. चाक किंचाळले. बरीच वर्षे माझ्यात फक्त रिकाम्या कुंड्या होत्या.

मित्रांनो, झ्वोले गावातल्या या घराची मी जुनी लाकडी हातगाडी. हार्मने आपल्या दोन मुलांसाठी स्वतः रंधा मारून मला घडवले. उन्हाळ्यात माझ्यात एका बाजूला यित्स्के बसे, दुसऱ्या बाजूला धाकटा मार्निक्स, आणि त्यांची आई विट्स्के दांडी धरून मला समुद्रकाठच्या वाळूतून ओढी. लोक वळून वळून बघत. एकच मूल बसले की मी कलंडायची. म्हणून विट्स्केचा नियम होता: दोघे, नाहीतर कोणीच नाही. मग मुले मोठी झाली आणि मी शेडमध्ये गेले.

हार्मने मला पुसून बैठकीत आणले. मुले आली होती, कॉफी चालली होती. या घरात कॉफीबरोबर एक बिस्किट मिळते आणि डब्याचे झाकण लगेच लागते. त्या दिवशी झाकण उघडेच राहिले. विट्स्केचे काही खरे नाही, हे मला तेव्हाच कळले.

हिवाळ्यापर्यंत थांबू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिला समुद्रकाठच्या फ्लिसिंगेनला जायचे होते, मुला-नातवंडांसह, दोनच रात्री. तिथे मोठी जहाजे अगदी काठाजवळून जातात.

"समुद्रासमोरचं घर मिळालं!" मार्निक्स म्हणाला. "सुट्टीतल्या सोमवारी जायचं, बुधवारी परत."

"कुणाच्या सुट्टीतल्या?" यित्स्केने विचारले.

मार्निक्स राहतो दक्षिणेत, यित्स्के उत्तरेत. या देशात शाळांची शरदातली सुट्टी भागाभागाने वेगळी असते; यंदा दक्षिणेला आधी, उत्तरेला त्यानंतरच्या आठवड्यात. त्याने फक्त आपल्या मुलांची सुट्टी पाहिली होती.

"अरे, जन्म याच देशात काढलास ना?"

"मग तू करायचं होतंस! तुला सगळं आयतं लागतं."

"मग शनिवार-रविवारी ठेव," यित्स्के म्हणाली.

मार्निक्सने तिथूनच फोन लावला. पुढचे सगळे शनिवार-रविवार भरलेले होते.

"मुलांना शाळा बुडवू दे की!"

"आणि आम्हा आईबापांना दंड होईल तो? मुख्याध्यापकांनी परवानगी द्यायला हवी. गेल्या वेळी शेजारणीला नाही दिली."

"मग तू एकटीच ये," हार्म यित्स्केला हळूच म्हणाला.

"नातवंडं ठेवून? मुळीच नाही," विट्स्के म्हणाली. "आपल्याकडे बाई, मरायलासुद्धा आधी तारीख घ्यावी लागते." तिने दुसरे बिस्किट उचलले. यित्स्के उठून खिडकीपाशी गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

विट्स्केने माझ्या फळीवर हात ठेवला. हात किती हलका झाला होता!

"हार्म, मला यात बसवून ओढशील ना रे?"

"ओढीन की. रुतलो तर राहू दोघं तिथंच."

संध्याकाळी यित्स्केने मुख्याध्यापकांना मुलांच्या रजेसाठी विनंती पाठवली.

मित्रांनो, मला शेडमध्ये टाकले त्याचा राग नाही. लाकूड वाट बघू शकते. पण ज्या माणसाला समुद्र दाखवायचा आहे, त्याला सवडीवर टाकू नका.

आज गुरुवार. निघायचे सोमवारी. हार्मने चाकांना तेल दिले आहे. माझ्यात एका बाजूला विट्स्केची घोंगडी घडी करून ठेवली आहे. दुसरी बाजू नातवंडांसाठी रिकामी आहे. दुपारपर्यंत शाळेचे उत्तर आलेले नाही.