कॅप्टनच्या विधवेची मेणबत्ती

"आम्हाला तुमचं स्वप्न ऐकायचंय," असं केंड्रा म्हणाली आणि मी मांडीवरच्या पर्सची चेन ओढून बंद केली. कोणी गोड आवाजात तुमचं स्वप्न मागायला लागलं, की त्याचा दुसरा हात कुठे आहे ते आधी बघावं. केंड्राच्या दुसऱ्या हातात फोन होता, आणि तो आमचं चित्रीकरण करत होता.

ही केंड्रा 'हॅलोवेल हाउस' ही टीव्हीवरची जुनी भुताची मालिका नव्यानं काढणाऱ्या कंपनीची बाई. तिशीची असेल. तिनं मालिकेचे चार भाग पाहिले असावेत, तेही जेवता जेवता. आणि समोर आम्ही दीडशे म्हातारे. वॉरविकच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात, मागच्या दालनात, कोणी अंगावर काळा झगा घालून, कोणी गळ्यात चांदीचं वटवाघूळ अडकवून बसलेले. लहानपणी आम्ही शाळा सुटली की धावत घरी यायचो ते या मालिकेसाठी. खाऱ्या दलदलीच्या काठावरचं ते घर, तळघरातली शवपेटी, आणि वरच्या खिडकीत हातात मेणबत्ती घेऊन उभी असलेली, चेहऱ्यावर काळी जाळी ओढलेली कॅप्टनची विधवा. दिवस बदलले, नवरे बदलले, गुडघे बदलले. दर ऑक्टोबरात इथं जमायचं मात्र कोणी सोडलं नाही.

आमचा जुना खेळ असा. व्यासपीठावर सोनेरी चौकटी मांडायच्या, एकेका पात्राची एकेक. उद्या कोणी ही मालिका पुन्हा काढली तर त्या पात्रासाठी कोण हवं, त्याचा फोटो चौकटीत सरकवायचा. टाळ्या जास्त तो जिंकला. वर्षानुवर्षं हे आम्ही आपापसात करत होतो, कारण मालिका कोणीच काढत नव्हतं. आता खरंच काढतायत म्हटल्यावर लोक एकमेकांच्या उरावर बसायला निघाले.

"कॅप्टनसाठी तो स्कॉटिश नट. दाढीवाला."

"तो? त्याला बघून माझी मांजरसुद्धा घाबरत नाही."

"तुझी मांजर तुझ्याबरोबर राहते. तिला आता कशाचीच भीती वाटत नसणार."

हसणं, टाळ्या, एक चौकट खाली पडली. केंड्रा फोनच्या पडद्याकडे बघून हसत होती. मी आमच्या अध्यक्षाला, एव्हरेट लाव्हॅलीला कोपरानं ढोसलं. "ही आपल्यावर हसतेय. याचं चित्रण करून दाखवणार, बघा हे येडे. मालिकेचा तमाशा करणार आणि वर म्हणणार, चाहत्यांनीच नट निवडले."

"लू, तुला देव भेटला तरी तू त्याचा परवाना मागशील," एव्हरेट म्हणाला. आयुष्यभर विमा विकलेला माणूस. त्याला गोड बोलणारी माणसं आपलीच वाटतात.

मग केंड्रानं खरी पुडी सोडली. पहिल्या भागाच्या पहिल्या दृश्यात खिडकीतली विधवा दाखवायची आहे, आणि त्या जागी कंपनीला जुन्या मालिकेतलं कोणीतरी हवं आहे. जाळी वर करून चेहरा दिसेल, खाली नाव येईल. "जुन्यांना नमस्कार म्हणून. कोण हवं ते तुम्ही सांगा."

विधवेचं काम करणारी ज्युडिथ वार्ली वारली. कॅप्टन वारला. मालिकेत जो पोरगा होता तो ॲरिझोनात असतो आणि मालिकेचं नाव काढलं की फोन ठेवतो.

तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवरून एक हात वर आला. काळा हातमोजा घातलेला, लांबलचक हात.

"अरे देवा," मागून कोणीतरी म्हणालं, "मेणवाली बाई."

ओपल गॅनन. ऐंशीच्या पुढची, अजून ताडासारखी उभी. तिची कहाणी इथं सगळ्यांना पाठ आहे. ती सांगते की ती वीस वर्षांची असताना न्यूयॉर्कच्या स्टुडिओत कपडेपटात इस्त्री करायची. पहिल्या वर्षी विधवेला एकही वाक्य नव्हतं, नुसतं खिडकीत उभं राहायचं. मग उंच पोरगी म्हणून हिलाच झगा चढवून उभं केलं. दुसऱ्या वर्षी विधवेला संवाद आले, आणि ज्युडिथ वार्ली आली. ओपलचं नाव कधीच कुठे लागलं नाही.

असे दावे आम्ही पोत्यानं ऐकलेत. कोणी म्हणे मी शवपेटीतला हात, कोणी म्हणे मी पायरीवरचा कुत्रा सांभाळायचो. म्हणून क्लबनं चाचणी ठरवली. खुर्चीत बसायचं आणि एक प्रश्न. आणि विधवेसाठी प्रश्न एकच असू शकतो. पहिल्या वर्षाच्या एका भागात विधवा खिडकीत मेणबत्ती तीन वेळा खाली करते. का?

शेंबड्या पोरालाही माहीत आहे की ती समुद्रावरच्या कॅप्टनला खूण करते. यावर लेख लिहिलेत लोकांनी. दर संमेलनाच्या शेवटी दिवे मालवून आम्ही सगळे टॉर्च तीन वेळा खाली करतो. एकाच्या तर थडग्यावर तीन मेणबत्त्या कोरल्यात.

मी क्लबात यायच्या आधी ओपल त्या खुर्चीत बसली होती म्हणे, आणि तिनं उत्तर दिलं होतं, "हातावर मेण गळत होतं."

लोक पोट धरधरून हसले. तेव्हापासून मेणवाली बाई. तरी ती दर वर्षी तिकीट काढून येते, दाराजवळ बसते आणि कोणाशी बोलत नाही. मला तिचाही संशयच होता. खोटारडा माणूस पकडला गेल्यावर यायचा थांबतो. ही का येत राहते?

"जेवणानंतर चाचणी," एव्हरेटनं जाहीर केलं. "आधी आजचा खास कार्यक्रम."

खास कार्यक्रम म्हणजे तोच मेणबत्तीचा भाग. आजवर आमच्याकडे त्याची नकलेची नक्कल होती, धुक्यात धूर दिसावा तशी. या वर्षी कॅनडातल्या एका बंद पडलेल्या टीव्ही केंद्राच्या गोदामात स्वच्छ प्रत सापडली. दिवे गेले. पडद्यावर घर, खिडकी, काळी जाळी. मेणबत्ती खाली. पुन्हा खाली. पुन्हा खाली. दालनात हुंदके ऐकू आले.

मी नाही रडले. मी बघत होते. प्रत्येक वेळी आधी ज्योतीखालून एक पांढरा थेंब सुटत होता, हातावर पडत होता, आणि मग हात खाली जात होता. हात खाली जाताना डावा खांदा कानाकडे उडत होता, कोपर बरगडीत शिरत होतं. समुद्रावरच्या नवऱ्याला खूण करताना कोणत्या बाईचा खांदा असा उडतो? भाजल्यावर उडतो.

जेवणाला कालवांची भजी होती. सगळे ताटं घेऊन रडवेल्या तोंडानं टेबलांना चिकटले. मी ओपलला कॉफीच्या भांड्याशी गाठलं.

"हातमोजा काढा," मी म्हणाले.

"का गं?"

"डाग बघायचाय."

तिनं काढला. हात सुरकुतलेला, ठिपक्यांचा, बाकी काही नाही. "साठ वर्षं मेणाचा डाग राहतो होय?" ती म्हणाली. "तू पोलिसात होतीस का?"

"शाळेच्या बसवर होते. तेच ते." मी आवाज खाली केला. "ओपल, आज पडद्यावर मेण दिसलं. चक्क दिसलं. खुर्चीत बसा आणि पुन्हा तेच सांगा. मी उभी राहून सांगते, भाग परत लावा."

तिनं कॉफी ढवळली. साखर न घालताच ढवळत होती. "त्यांनीही तेच बघितलं ना, लू? दीडशे जणांनी?"

"हो."

"मग कोणाला दिसलं?"

मी साखरेची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"मी आता ब्याऐंशीची आहे," ती म्हणाली. "माझी आई रोज दुपारी शेजाऱ्यांना बोलवायची. ती बघा आमची ओपल. शेजारी म्हणायचे, जाळीखाली कोणीही असेल. आई गेली तोवर म्हणत होते. मला एकदा ती जाळी वर करायचीय. बाकी मला काही नको, तुमचा क्लबही नको."

खरं सांगते, तरीही माझ्या मनात किडा होताच. ही गोष्ट फारच नीट बसत होती.

जेवणानंतर खुर्ची मधोमध आली. केंड्राचा फोन वर. एव्हरेटनं घसा साफ केला. "ओपल, प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. विधवेनं मेणबत्ती तीन वेळा खाली का केली?"

कोणीतरी पुटपुटलं, "मेण, मेण." खसखस पिकली.

ओपलनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "दिग्दर्शक माझ्या कानात म्हणाला," ती सावकाश म्हणाली, "तुझा माणूस समुद्रावर आहे, पोरी. दोनदा केलंस तर लाट समजेल. तीनदा कर, म्हणजे त्याला कळेल, तू आहेस."

पुढच्या रांगेतली बाई ओक्साबोक्शी रडू लागली. एव्हरेटनं चष्मा काढला. "मग त्या वेळी मेण का म्हणालात?"

"तो म्हणाला होता कोणाला सांगू नकोस. मी शब्द पाळला. आता तो गेला."

काय सफाईनं खोटं बोलली बाई! खरं बोलली तेव्हा खोटारडी ठरली, आणि आता खोटं बोलली तर दीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत. माझ्या जिभेवर आलं होतं. मी आजवर कोणाचं खोटं गिळलेलं नाही, नवऱ्याचं नाही, शाळेच्या मंडळाचं नाही. अर्धी उठलेसुद्धा. पण उठून म्हणणार काय? ही बाई खोटं बोलतेय, म्हणून ती खरी आहे?

मी पुन्हा बसले.

"करून दाखवा ना," केंड्रा म्हणाली. "फोनसाठी."

एव्हरेट स्वतः धावला. मेणबत्ती आणली, पेटवली, ओपलच्या डोक्यावरून काळी जाळी सोडली. "हातमोजा नको," तो म्हणाला, "तिच्या हातात नव्हता." दिवे मंद झाले. ओपल उभी राहिली आणि मेणबत्ती खाली केली. सावकाश, हळवी, नाटकातल्यासारखी. दुसऱ्यांदाही तशीच. छान होतं आणि साफ चूक होतं. एव्हरेटच्या कपाळाला आठी पडली. हा माणूस अर्थ चुकवेल, पण तो भाग त्यानं हजारदा पाहिलाय. त्यानं माझ्याकडे मान वळवली, आणि मला त्याच्या डोळ्यांत माझाच संशय दिसला.

संपलं, मला वाटलं.

आणि थेंब सुटला. हॉटेलची स्वस्त मेणबत्ती, भसाभस गळणारी. ओपलचा हात झटक्यात खाली गेला, डावा खांदा कानाकडे उडाला, कोपर बरगडीत शिरलं. जाळीखालून "आई गं!" ऐकू आलं.

"हेच!" एव्हरेट ओरडला. "अगदी हेच! तोच खांदा! बघितलंत? तीच आहे ही!"

दालन फुटलं. लोकांनी टॉर्च काढले आणि तीन वेळा खाली केले. केंड्रा धावत येऊन ओपलच्या गळ्यात पडली. "असंच करायचं हं त्या दिवशी! आणि काळजी करू नका, सेटवर बॅटरीची मेणबत्ती असेल. एकदम सुरक्षित."

ओपलनं जाळी वर केली. गाल लाल झाले होते. "बॅटरीची? मग हात खाली कसा जाईल?"

टाळ्या थोड्या विरळ झाल्या. एव्हरेट वळला. "म्हणजे काय?"

ओपलचं तोंड उघडंच राहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तोही माझ्याकडे बघू लागला.

"म्हणजे काय काय विचारतोस?" मी त्याच्या अंगावर गेले. "कॅप्टन समुद्रावर आहे, मैलभर लांब. त्याला बॅटरी दिसणारे का? खरी ज्योत पाहिजे. आणि केंड्रा, ते कागदावर लिहून दे. खरी मेणबत्ती, जाळी वर, खाली नाव. सही करायच्या आधी तो कागद मी वाचणार आहे."

सगळे हसले. एव्हरेटही हसला. "लू ती लूच," तो म्हणाला आणि पुढच्या चौकटीकडे गेला.

मी पाण्याच्या जगमधून बर्फाचे खडे काढले, रुमालात बांधले आणि ओपलच्या हातावर दाबून धरले. कातडीवर नाण्याएवढा लाल गोळा उठला होता.

"दिसला डाग?" ती हळूच म्हणाली.