सायलसच्या पाठीमागे

आमच्या खोऱ्यात बंदूकवाल्या टोळीचा कप्तान निवडायचा तर मतंबितं नसतात. उमेदवार मैदानात उभे राहतात आणि ज्याला जो हवा, त्याच्या पाठीमागे तो जाऊन उभा राहतो. उमेदवार ओबेद मॅक्लीनने त्या दिवशी व्हिस्कीचं अख्खं पिंप फोडलं होतं. लोकांनी ते रिकामं केलं, तोंडं पुसली आणि सायलस ड्रमंडच्या मागे रांग लावली. त्यात ओबेदचा सख्खा भाऊसुद्धा होता.

तेव्हापासून ओबेदचा नुसता जळफळाट. सायलस हसला तरी याचं डोकं फिरायचं.

"त्याच्या टोपीतलं पीस पाहिलंस?" तो बायकोला म्हणाला.

"पाहिलं. दिवसभर तेच दाखवतोस," केझाया म्हणाली. "त्याच्याशीच करायचं होतंस लग्न."

मग सायलसची घोडी चोरीला गेली. कोणी नेली कोणास ठाऊक, पण सायलसने ठरवलं की नदी ओलांडून तिथल्या मूळच्या चेरोकी लोकांचं गाव जाळायचं. परवानगीवाचून हत्यारं घेऊन पलीकडे जाईल त्याला बेड्या, असा गव्हर्नरचा सक्त हुकूम होता. हुकूम ऐकतो कोण! गावात नव्या मक्याचा सण होता; म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे नाचायला एकत्र जमणार. सायलसला तेच हवं होतं.

त्या गावातल्या वालिनी आजीकडे ओबेद कितीदा तरी जेवला होता. पण तिची आठवण त्याला झाली ती वाटेत, बऱ्याच उशिरा. खबर द्यायला सरकारी ठाण्याकडे घोडा दामटताना त्याच्या डोळ्यांसमोर होता फक्त बेड्या घातलेला सायलस.

सकाळी सायलस आणि त्याची माणसं, त्यांच्यात परत येऊन मिसळलेला ओबेदही, नदीच्या उतारावर पोचले, तर समोर शिपाई बंदुका रोखून उभे. नीट दिसावं म्हणून ओबेद पुढे सरकला.

सायलस जरासा थबकला. मग टोपी काढून त्याने लेफ्टनंटला सलाम ठोकला.

"बरं झालं आलात, साहेब! या टारग्यांना मीच आवरून धरलंय. नाहीतर कधीच पार गेले असते."

लेफ्टनंटने ओबेदकडे ओझरतं पाहिलं. कप्तानाला हात लावला तर सगळे बिथरतील, हे त्याला दिसत होतं.

"शाबास, कप्तान," तो म्हणाला. "गव्हर्नरसाहेबांच्या कानावर घालतो."

खरं काय ते ओबेदच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलला असता, तर चेरोकींचा हेर म्हणून त्याच्या भावानेच फाशीचा दोर आणला असता.

सायलसने गाव वाचवलं असं ऐकून दुपारी पलीकडून माणसं आली. वालिनी आजीने हरणाचं पांढरं कातडं सायलसच्या खांद्यांवर पांघरलं. वळताना तिला बंदूक घेतलेला ओबेद दिसला.

"तूसुद्धा यांच्यात होतास?" ती म्हणाली. "माझ्या हातची भाकर खाऊन?"

ती निघून गेली. ओबेदचं तिकडे लक्षच नव्हतं, तो त्या पांढऱ्या कातड्याकडे बघत होता. नदीपलीकडे ढोल वाजायला लागले. गाव वाचलं होतं, आणि आपण काल घरीच बसलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.