बॅन्शीची चौकशी

“संस्थेच्या आवारात अंधश्रद्धेला थारा नाही,” असे नोटिशीच्या पहिल्याच ओळीत नमूद होते. विधान भारदस्त होते. त्याला अडचण होती ती आवाराचीच. बेळगावात सांबऱ्याच्या रस्त्यावरील त्या इंग्रजी शाळेच्या बसगाड्यांना दर अमावास्येला ताजे लिंबू-मिरची बांधले जाई. प्रयोगशाळेचे दार दक्षिणेला निघाले म्हणून भिंत फोडून ते पूर्वेला नेले होते, आणि तेव्हापासून विज्ञानाचा निकाल सुधारल्याचे वार्षिक अहवालात छापून आले होते. थारा नव्हता तो फक्त माधवीबाईंच्या गोष्टीला.

वडगावच्या विणकरवस्तीत मागाच्या खडखडाटात अभ्यास करून बाई शिक्षिका झाल्या होत्या. कित्येक वर्षे तात्पुरत्या राहून येत्या जूनमध्ये त्या कायम व्हायच्या होत्या. नेमकी त्याच्या तोंडावर त्यांच्या हातून ती गोष्ट घडली.

पाचवीच्या वर्गात त्यांनी सांगितले: काही जुन्या घराण्यांमागे एक बाई असते. घरातले कुणी जाणार असले, की आधी ती बाहेर केस विंचरीत रडते. एका गड्याला तिची फणी वाटेत सापडली. त्याने ती उचलून घरी आणली. रात्री ती बाई खिडकीशी येऊन असा आक्रोश करू लागली की भिंती हादरल्या. त्याने फणी चुलीजवळच्या चिमट्यात धरून बाहेर दिली. फणी गेली, चिमटा तेवढा पिळवटून आत आला. हात दिला असता तर हाताचे काय झाले असते, हे मुलांनी ओळखावे.

सौम्या नावाच्या मुलीने ही गोष्ट घरी आजीला ऐकवली. आजी जयाबाई म्हणाली, “ती व्हय? तळ्यावरची. माझ्या सासूनं बघितल्याली की गं!” सौम्याच्या वडिलांनी ताबडतोब तक्रार केली आणि बाईंना नोटीस निघाली.

चौकशीला संस्थेचे अध्यक्ष परशरामअण्णा आणि मुख्याध्यापिका मंजुश्री मॅडम बसले.

“बाई, तुमी शिकल्याली मानसं,” अण्णा म्हणाले, “आन पोरास्नी हडळ शिकवताय?”

“हडळ न्हवं, अण्णा.”

“मग काय आमची आक्का? चूल, चिमटा, फणी. समदं हितलंच हाय. माझी म्हातारी असलंच सांगायची. त्या भ्यानंच मी दहावीला दोनदा बसलो.”

“लोकांची अडाणी समजूत आहे ही,” मॅडम म्हणाल्या. “मुलांच्या वैज्ञानिक दृष्टीला घातक. शिवाय तर्क कुठे आहे? चिमटा वाकेलच कसा?”

माधवीबाईंनी पिशवीतून पाचवीचे इंग्रजीचे नेमलेले पुस्तक काढले आणि एक धडा वाचायला घेतला. इंग्रजी कानी पडताच अण्णा सावरून बसले. धड्यात आयर्लंड होते, केस विंचरीत रडणारी बॅन्शी होती, फणी होती आणि चिमटाही होता.

हे पुस्तक मॅडमनीच निवडले होते. त्यावरूनच यंदाच्या गॅदरिंगला ‘केल्टिक संध्या’, म्हणजे आयर्लंडच्या लोककथांचा कार्यक्रम, झाली होती. शहापूरच्या हिरव्या कापडाच्या टोप्या घालून लेप्रकॉन, म्हणजे तिकडचे बुटके यक्ष, झालेली मुले मंचभर उड्या मारीत होती, पाठीमागे आयर्लंडची खूण म्हणून पुठ्ठ्याची तिपानी पाने टांगली होती, आणि चंदेरी झग्यातली बॅन्शी झाली होती अण्णांची नात. तिच्या आक्रोशाला अण्णांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

“ही ती?” अण्णा चपापले. “आमच्या नातीची बॅन्शी? ती तर चांगल्या घरातली हाय की वं!”

“तो सांस्कृतिक वारसा आहे,” मॅडम म्हणाल्या.

“आणि चिमटा?” बाईंनी विचारले.

“तिथला चिमटा प्रतीकात्मक आहे.”

नोटीस निघालेली होती, म्हणजे गुन्हाही असणे भाग होते. गोष्ट निर्दोष ठरली, पुस्तक निर्दोष ठरले, नात तर निर्दोषच होती. उरली फक्त बाईंची जीभ.

अण्णांचा सूर मऊ झाला. “दोन ओळी लिवून द्या, बाई. गावातली खुळी गोष्ट हुती, त्या पोरीच्या म्हातारीसारख्यांची, चुकून सांगितली. जूनला तुमी कायम. संपलं बघा.”

म्हणजे आयर्लंडची बाई मानाने मंचावर राहायची आणि जयाबाई खुळी ठरायची; तेवढ्यावर जून मिळत होता. माधवीबाईंनी कागद ओढून घेतला. जून हातचा जातो आहे, हे लिहिताना त्यांना पुरते ठाऊक होते, तरी त्यांनी खाली सहीही केली. मॅडमनी तो कागद वाचून अण्णांकडे सरकवला. कबुली शब्दशः अशी होती:

“मी कबूल करते की, ही गोष्ट आयर्लंडची आहे हे ठाऊक असूनही मी ती बेळगावच्या मुलांना त्यांच्या आजीच्या भाषेत सांगितली. त्यामुळे ती मुलांना समजली, आणि एका आजीने ओळखली. इंग्रजीतून शिकवली असती तर ती कुणाच्याही घरापर्यंत पोचली नसती, व हा प्रकार टळला असता.”