चार फोल्डरांच्या आत

कॉम्प्युटरवरची ती स्क्रिप्ट जेमतेम वीस ओळींची, पण मी तिच्यावरून आठवडाभर मिरवलो. ती चालवली की प्रोजेक्टमधलं प्रत्येक फोल्डर, त्याच्या पोटातलं फोल्डर, अशी सगळी नावं ओळीखाली ओळ उतरतात. नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत नवे साहेब आले होते आणि कुठे काय ठेवलंय ते त्यांना कागदावर हवं होतं. बैठकीला दहा मिनिटं असताना मी स्क्रिप्ट चालवली, न वाचताच प्रती काढल्या आणि ऐटीत वाटल्या.

एक मुबारकचाचांनाही दिली. चाचा दर शनिवारी शहागडच्या प्लॉटांवरून कपाशीच्या फोटोंचं मेमरी कार्ड आणतात आणि प्रत्येक फोटोला प्लॉट नंबर लागेपर्यंत माझ्या शेजारची खुर्ची सोडत नाहीत. ही नोकरी मला त्यांनीच शब्द टाकून लावून दिली.

चाचा कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. बोट थांबलं तेव्हा मला आठवलं. चार फोल्डरांच्या आत कोण बघतंय म्हणून वैतागाच्या भरात मी एक नाव देऊन ठेवलं होतं: 'म्हाताऱ्याची_कटकट'. त्याखाली शहागड, प्लॉट एक ते बारा.

साहेबही त्याच ओळीवर पोचले. "हे काय आहे, संघपाल?"

मी हातातला कागद उलटा केला.

"म्याच ठेवाय लावलं साहेब," चाचा म्हणाले. "मी लई कटकट करतो ना. त्या नावानं जल्दी सापडते."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते, नाव ठेवल्याच्या लाजेपेक्षा जास्त.

बैठक संपताच मी नाव बदललं: 'मुबारकचाचा_शहागड'. माफी मागायला गेलो तोवर ते गावाकडे निघून गेले होते. फोन लावायचं धाडस झालं नाही.

शनिवारी ते नेहमीच्या वेळेला आले, खुर्चीत बसले आणि मेमरी कार्डाचं पाकीट पुढे केलं. पाकिटावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: म्हाताऱ्याची कटकट, प्लॉट तेरा.

"चाचा, चुकलं माझं," मी कसंबसं म्हणालो. "ते नाव मी बदललंय."

"कशाला बदललं?" त्यांनी चष्मा पुसला. "साहेबाजवळच्या कागदावर तेच हाय. दोन्हीकडं बराबर जुळलं पाहिजे. पहिलं होतं तसं कर, मंग फोटो घेऊ."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मी त्यांच्यासमोर ते नाव पुन्हा एकेक अक्षर टाइप केलं.