नखाला लागलेली खाच

मस्की माशांच्या शिकारीचा मोसम संपायला दीड तास उरला होता आणि होडीतला म्हातारा ऐकायला तयार नव्हता.

"तार म्हणजे तार," काझिमिर म्हणाला. "साठ वर्षं तारेवर मासे धरलेत मी."

"धरलेत ना. त्यातला एक तरी पन्नास इंचांचा होता का?"

सासऱ्याला असं बोलायची मुभा लुआनने पंचवीस वर्षांत मिळवली होती. काझिमिरने हातमोज्याने नाक पुसलं. टामारॅक तळ्याकाठच्या गावात पन्नास इंचांची मस्की धरणाऱ्याची गोष्टच वेगळी. ती मोजून परत पाण्यात सोडायची, बर्निसच्या खानावळीत जायचं आणि तिथे टांगलेली पितळी घंटा वाजवायची. मग हातातला घास ठेवून सगळे उठून उभे राहतात. काझिमिरच्या धाकट्या भावाने वाजवली होती, टपाल वाटणाऱ्या बाईने तर दोनदा. प्रत्येकासाठी काझिमिर उभा राहिला होता. आता तो ब्याऐंशीचा होता. सोमवारी त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि पुन्हा होडीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"आज दोनदा आली ती मस्की," लुआन म्हणाली. "दोन्ही वेळा होडीपाशी येऊन वळली. पाणी किती नितळ आहे बघा. तिला तार दिसते, बाबा."

भांडण होतं ते लीडरवरून. आमिष आणि दोरी यांच्यामध्ये हा हातभर तुकडा जोडावाच लागतो, नाहीतर मस्कीचे दात दोरी क्षणात कापतात. काझिमिरचा लीडर पोलादी तारेचा. लुआनने काल स्वयंपाकघरात बसून फ्लुरोकार्बन या प्लास्टिकच्या धाग्याचा बांधला होता, जाड आणि पारदर्शक, पाण्यात असून नसल्यासारखा. दोन बांधायचे होते, पण ओव्हनमध्ये केक होता, म्हणून एकच झाला.

"तुटला तर?" काझिमिरने विचारलं. "आमिषाचा रबरी मासा जबड्यात घेऊन गेली तर? त्याच्या तीन गळांनी तोंड शिवलं जाईल तिचं. उपाशी मरेल."

"नाही तुटत. शंभर पौंडांचा ताण सोसतो."

शेवटी काझिमिरने गळाची काठी तिच्यापुढे केली. "लाव बाई तुझं काय ते. नाहीतर घरी जाईपर्यंत डोकं खाशील."

पाचव्या फेकीला काठी वाकली. काझिमिरचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. हातभर लांबीचा पाईक जातीचा मासा होता, गावात ज्याला कुणी विचारत नाही असा. लुआनने पकडीने गळ काढून त्याला सोडून दिलं.

"नख," काझिमिर म्हणाला. त्याची नजर लव्हाळ्याकडे होती.

पहिल्यांदा होडीत बसवलं त्या दिवशी त्याने तिला शिकवलं होतं ते हेच. मासा लहान असो की मोठा, दात लागले की लीडरवरून नख फिरवायचं. अडकलं तर लीडर बदलायचा, नाहीतर तो तुटून मासा गळांसकट जातो आणि मरतो. लुआनने हातमोजा काढला. आमिषाच्या चार बोटं वर नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. खाच चांगली खोल होती.

तेवढ्यात लव्हाळ्यापाशी पाणी फुगलं. एक रुंद, तपकिरी पाठ वर आली आणि शांतपणे खाली गेली.

"बघितलीस?" काझिमिर कुजबुजला. "ठीक आहे ना लीडर?"

तार डब्यातच होती. लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तार लावली की ती मस्की पुन्हा वळणार, सूर्य झाडांमागे जाणार आणि सोमवारी हा माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवा होणार. लुआनने हातमोजा पुन्हा चढवला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

काझिमिरने आमिष फेकलं. लुआनने जाळं उचललं. रबरी मासा जवळ येत होता आणि त्याच्यामागे वीतभर अंतरावर ती मस्की होती, ओंडक्याएवढी. होडीपाशी येताच काझिमिरने काठीचं टोक पाण्यात खुपसलं आणि आमिष इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायला घेतलं. एक वळण झालं. तिने पाठ सोडली नाही. दुसऱ्या वळणाला पांढरा जबडा उघडला आणि मिटला.

पाणी दोघांच्या तोंडावर उडालं. रीळ करकरलं. नको, लांब जाऊ देऊ नका, लुआन मनात म्हणत राहिली. मस्की होडीखाली शिरली, पुन्हा बाहेर आली, आणि पहिल्याच संधीला लुआनने जाळं तिच्या डोक्याकडून घातलं. जाळ्यात मासा उलटला, तट्कन आवाज झाला आणि काठी सरळ झाली. मस्की मात्र आतच होती.

साडेएक्कावन्न इंच. काझिमिरने दोनदा मोजलं आणि लहान मुलासारखा हसला. गळ काढल्यावर शेपटी धरून त्याने तिला पाण्यात सावरलं आणि हळूच काहीतरी सांगितलं. मग ती गेली.

आमिष गोळा करताना त्याच्या हाती लीडरचं तुटलेलं टोक आलं. चष्मा वर करून त्याने ते डोळ्यांपाशी धरलं. अर्धी कड सरळ कापलेली होती, अर्धी ताणून तुटलेली.

"नख फिरवलंस?"

"फिरवलं."

"लागलं?"

"लागलं," लुआन म्हणाली. "तुमच्यासाठी केलं, बाबा."

"ते कळलं." त्याने टोक खिशात ठेवलं. "काठावर घे."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. धक्क्यापर्यंत आणि तिथून गाडीत तो खिशातलं टोक अंगठ्याने चाचपत राहिला.

बर्निसकडे अख्खं गाव जमलं होतं. तळलेल्या पर्च माशांचा वास सुटला होता. काझिमिर घंटेखालच्या स्टुलावर बसला.

"काय मग, शेवटच्या दिवशी काही लागलं का?" बर्निसने विचारलं.

"हिला विचार," काझिमिर म्हणाला.

नुसता आकडा सांगितला असता तर सगळे उभे राहिले असते. आकडा खोटाही नव्हता.

"बाबांनी साडेएक्कावन्नची धरली," ती म्हणाली. "पण लीडरला खाच होती. मला नखाला लागली होती. मी ती त्यांच्यापासून लपवली."

काटेचमचे थांबले. टपालवाली बाई अर्धी उठली होती, ती परत बसली. यापुढे आपल्याला जाळं धरायला कुणी बोलावणार नाही, हे लुआनला कळलं. बर्निसने तरीही घंटेची दोरी काझिमिरपुढे केली.

"मासा तर तूच धरलास," ती म्हणाली.

काझिमिरने दोरी हातात घेतली. साठ वर्षं तो या दोरीसाठी थांबला होता. मग त्याने ती बर्निसच्या हातात परत दिली आणि आपल्यापुढची पर्चची ताटली लुआनकडे सरकवली.

"खा. गार होतंय," तो म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी लीडर दोन बांध."

लुआनने पर्चचा तुकडा उचलला. मग तो तसाच ताटलीत परत ठेवला.