मी लख्ख झाले तो दिवस

मी जुनी आहे, मित्रांनो, पण आज मला पाहून ते कोणालाही पटणार नाही. मी एक मातीची किटली आहे. सिडनीच्या चायनाटाउनमध्ये, हेमार्केटच्या एका गल्लीत, क्वान यांचं जडीबुटींचं दुकान आहे. तिथे मी राहते. सध्या तिथे चार माणसांसमोर यायची मला लाज वाटते. का, ते सांगते.

माझा जन्म चीनमधल्या यीशिंगचा. तिथली जांभळट माती कुटून, थापून, भाजून मला घडवलं. चिनी मातीच्या कपबशीवर असते तशी चकाकी माझ्यावर चढवली नाही. माझ्यासारख्या किटल्यांची माती मुद्दाम उघडी ठेवतात, कारण उघडी माती चहा पिते. रोजचा चहा थोडा थोडा अंगात मुरत जातो आणि वर्षं सरली की किटलीला स्वतःची चव येते.

क्वान यांची पत्नी मेईलिंग मला स्वेटरमध्ये गुंडाळून सिडनीला घेऊन आली. सकाळी दुकान उघडलं की ती माझ्यात काळी पानं टाकायची आणि उकळतं पाणी ओतायची. पहिलं पाणी ती पिण्यासाठी घेत नसे. ते माझ्याच अंगावरून सोडून द्यायची. साबण तिने मला कधी दाखवला नाही. संध्याकाळी नुसत्या गरम पाण्याने विसळून, झाकण काढून पालथी ठेवायची. शेजारच्या हॉटेलातले वेटर, औषधाची पुडी बांधून होईपर्यंत थांबलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना माझ्यातला चहा मिळे. समोरच्या गल्लीतले लाम न्हावी तर म्हणायचे, “क्वान, दुकान विकशील तेव्हा किटली तेवढी मला दे. तू नकोस.”

याच दुकानात स्वरदा आली. ती पुण्याहून शिकायला आलेली. युनिव्हर्सिटी सुटली की ती इथे लाकडी खणांतली मुळं आणि साली तोलून द्यायची. परीक्षेच्या दिवसांत मेईलिंग तिच्यासमोर सूपचा वाडगा ठेवायची आणि तो रिकामा होईपर्यंत तिथून हलायची नाही. पुढे स्वरदाला पॅरामॅटाला ऑफिसात नोकरी लागली, टूनगॅबीला घर झालं. तरी शनिवारी ती दुकानात मदतीला येतच राहिली.

मग मेईलिंग वारली.

त्यानंतर क्वान स्टीलच्या मगात टी-बॅग बुडवून पिऊ लागले. मी मांडणीवर धूळ खात बसले. येणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा किटलीला विसरला. तसं नव्हतं. वर्षातून एकदा, मेईलिंगच्या स्मृतिदिनी, ते मला खाली काढत आणि माझ्यात नुसतं गरम पाणी ओतत. पानं घालत नसत. थोड्या वेळाने त्या पाण्याला फिकट रंग चढे आणि चव येई. ती चव मेईलिंगच्या हातची होती. माझ्याशिवाय ती कुठेच उरली नव्हती.

या वर्षी स्वरदाची आई, सुनेत्राबाई, पुण्याहून लेकीकडे आल्या होत्या. आपल्या मुलीला परदेशात ज्या बाईने जेवू घातलं तिचा आज स्मृतिदिन, हे कळल्यावर त्याही दुकानात आल्या. फोटोला हार केला. संत्री पुसून ताटात रचली. क्वान नैवेद्यासाठी भाजलेलं बदक आणायला गेले होते आणि स्वरदा गिऱ्हाइकांत होती. क्वान मला मांडणीवरून काढून फोटोसमोर ठेवून गेले होते. तेवढ्यात सुनेत्राबाईंनी मला उचललं, झाकण काढून आत पाहिलं.

“अगं स्वरदा, ही आतून काळी ठिक्कर पडलीय. बाई गेली की भांड्यांचे असेच हाल होतात. गेलेल्या माणसासमोर असलं डागाळलेलं भांडं ठेवतात का?”

“हं, आई,” स्वरदा तराजूवरची नजर न काढता म्हणाली.

ते ‘हं’ त्यांना होकार वाटलं. श्राद्धाच्या दिवशी भांडी घासूनपुसून लख्ख हवीत, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. त्यांनी मला सोडा घालून उकळत्या पाण्यात बुडवलं. मग लिंबाच्या वासाची जेल आणि तारेची घासणी घेतली. इतक्या मनापासून मला कोणी घासलं नव्हतं. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो.

क्वान आले. मला हातात घेताच ते थांबले. बोट आतून फिरवलं. सुनेत्राबाई कौतुकाची वाट पाहत उभ्या होत्या.

“व्हेरी क्लीन,” क्वान म्हणाले. “थँक यू.”

स्मृतिदिनाला आलेले लाम न्हावी म्हणाले, “आता नवी म्हणून विक.” कोणी हसलं नाही, तेव्हा तेही खाली पाहू लागले.

क्वान यांनी गरम पाणी ओतलं आणि दरवर्षीइतकंच थांबले. पाण्याला रंग चढलाच नाही. त्यांनी घोट घेतला. लिंबाचा वास आला. आयुष्यात त्या माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती माझ्याकडे नव्हती.

स्वरदाचा चेहरा उतरला. ती हलक्या आवाजात म्हणाली, “आई, ते त्यात काहीच घालत नव्हते. नुसतं पाणी. ती किटली मुरलेली होती गं.”

‘मुरलेली’ म्हटल्यावर सुनेत्राबाईंना सगळं कळलं. त्या खुर्चीवर बसल्या, साबणाने सुरकुतलेले हात पदराखाली लपवले. “विचारायचं तरी होतं मी,” एवढंच म्हणाल्या. स्वरदाने ते इंग्रजीत सांगितलं, आईने का घासलं तेही सांगितलं. क्वान ऐकत राहिले. ‘काही हरकत नाही’ असं ते म्हणाले नाहीत. हरकत होती. त्यांनी कपातलं साबणाचं पाणी शेवटपर्यंत प्यायलं, कारण त्या दिवसाचं पाणी टाकून द्यायचं नव्हतं. मग डबा उघडून माझ्यात पानं टाकली आणि पहिला कप दोन्ही हातांनी सुनेत्राबाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला, पण मान वर केली नाही.

आता क्वान रोज माझ्यात चहा करतात. शनिवारी सुनेत्राबाई येतात आणि मला नुसत्या हाताने, नुसत्या पाण्याने विसळतात. पुढच्या महिन्यात त्या पुण्याला परततील. माझ्या आत हलकासा तपकिरी रंग धरू लागला आहे, पण तो क्वान यांच्या चहाचा आहे. ते पानं जरा जास्त वेळ ठेवतात. चहा कडू होतो.

मित्रांनो, स्वच्छता वाईट नाही आणि सुनेत्राबाईंच्या मनात प्रेमच होतं. माझी विनंती एवढीच आहे. दुसऱ्याच्या घरातली जुनी, डागाळलेली वस्तू घासायला हातात घ्याल, तेव्हा पाणी सोडण्याआधी घरच्यांना विचारा, हिच्यात कोण आहे?