दादाची उलटतपासणी

इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम या बहीणभावांनी घरातल्या पुढच्या खोलीतच थाटलं होतं. दादा अर्थ लिहायचा, धाकटी बहीण ते कार्डावर उतरवायची. कार्ड खोक्यात जाण्याआधी एकाने मराठी अर्थ वाचायचा आणि दुसऱ्याने कार्ड न बघता इंग्रजी शब्द सांगायचा, हा दादाचा नियम. भलताच शब्द आला तर दोष सांगणाऱ्याचा नाही, वाक्याचा. वाक्य बदलून पुन्हा विचारायचं. घरात याला उलटतपासणी म्हणत. बहीण साठीला टेकली तरी दादाला ती ठकीच. तिचं उत्तर चुकलं की तो म्हणायचा, "राहू दे ठके, माझंच वाक्य लंगडं."

कोश एच अक्षरापर्यंत आला आणि दादाला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं गेलं. उरले तीन शब्द: चहा, नको आणि ठके. तेवढ्या भांडवलावर घर चालत होतं. राग आला की नको, भूक लागली तरी चहा, आणि बाकी सगळ्याला, अगदी खिडकी उघडून हवी असली तरी, ठके.

अशात प्रकाशकांचा निरोप आला. संपादक दादाला भेटून जाणार होते; जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे सोपवावं लागणार होतं. दादा अजून रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसायचा तो त्या खोक्यासाठी. खोकं गेलं की तो अंथरूण धरणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

मग तिला हँड आठवला. कोशातला भारी लेकुरवाळा शब्द. घड्याळाचा काटा हँड, शेतावरचा गडी हँड, जहाजावरचा खलाशी हँड, पत्त्यांत वाट्याला आलेली पानं हँड, वळणदार अक्षर हँड, घोड्याची उंची मोजायचं माप हँड. मदत, टाळ्या, केळ्यांची फणी, सगळ्यांना हँडच. प्रश्न ढीगभर, उत्तर एक. तेवढं एक दादाच्या जिभेवर बसलं की वेळ निभावली.

ती हात धुऊन मागे लागली. दादा आधी नको म्हणाला, मग कळवळून ठके म्हणाला. तिने ऐकलं नाही. एका दुपारी तिने पुन्हा काटा विचारला, आणि ओठांची बरीच जुळवाजुळव करून तो म्हणाला, "हँड." तिने तोंड फिरवून डोळे पुसले. त्यानंतर दादाने चहा मागणं सोडलं. भूक मंदावली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

संपादक आले. ठकी नेमकी हँडचीच कार्डं वाचत गेली, दादा सांगत गेला. एकही उत्तर चुकलं नाही. संपादकांनी स्वतः त्यांतलंच एक कार्ड उचलून केळ्यांची फणी विचारली, तीही आली. हे आपल्यालाही ठाऊक नव्हतं, असं म्हणून ते मोकळेपणाने हसले. ठकीचा जीव भांड्यात पडला. ती उठून चहा घेऊन आली.

"सर, साखर चालते ना?" संपादकांनी सहज विचारलं.

"हँड," दादा म्हणाला.

संपादकांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. मग त्यांनी ठकीकडे बोट केलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, या कोण?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. उत्तर पक्कं येत असलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा उजळला.

"हँड."

संपादक चांगला माणूस. कोशावर नाव सरांचंच राहील, असं त्यांनी जाताना दारात सांगितलं. खोकं मात्र ते सोबत घेऊन गेले.

दादा रिकाम्या टेबलाशी बसून होता. ठकी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"दादा, मी कोण?"

"हँड."

दोष वाक्याचा. तिने वाक्य बदललं. "तुझ्या पाटीवर रेघोट्या ओढून कपाटामागे लपायची, ती कोण?"

"हँड."

"बरं," ती म्हणाली, आणि आणखी सोपं वाक्य शोधू लागली.